ब्रह्मदेश १९४५ चा बोर्डगेम: सात-आठ महिने खेळल्यानंतर

या गेममधली एक हरवलेली सोंगटी कंपनीकडे मागितली होती. पाकीट आलं आणि त्यातून पुन्हा 'जमुना' या जहाजाचीच सोंगटी निघाली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

गेमचं नाव लिहीत नाही, हेक्सवाले (षटकोनी घरांच्या नकाशावर युद्धाचे गेम खेळणारे) वर्णनावरून ओळखतील. जानेवारी ते मे १९४५, ब्रिटिश जनरल स्लिमची चौदावी आर्मी इरावती नदी ओलांडून रंगूनकडे, शिवाय आराकान किनाऱ्यावरच्या मोहिमा. बॉक्सवर जे छापलंय ते इथे परत उगाळत नाही.

माझं खरं भांडण आहे डाकोटा या मालवाहू विमानाच्या काउंटरशी, म्हणजे पुठ्ठ्याच्या सोंगटीशी. एका बाजूला भरलेलं विमान, उलटवलं की रिकामं. दोन्हीकडचा हिरवा रंग इतका सारखा, की ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. फरक एवढाच, की भरलेल्या बाजूला पंखाशेजारी खोक्याचं चित्र आहे, तेही मुगाच्या डाळीएवढं. चुलतभाऊ दर पाळीला नकाशावर ओणवा होऊन विचारणार, "दादा, हे भरलंय की टाकून आलंय?" दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी एवढी कटकट केली नसती. पण या मोहिमेचं पोटच डाकोटावर होतं. मागचा रस्ता डोंगराजंगलातून शेकडो मैल. पेट्रोल, तोफगोळे, तांदूळ, जे यायचं ते बहुतेक वरून. एक विमान जेमतेम अडीच-तीन टन नेणार, आणि आघाडी जितकी दक्षिणेला सरकेल तितक्या दिवसातल्या फेऱ्या कमी.

शेवटी बायकोच्या पाकिटातल्या बारीक लाल टिकल्या भरलेल्या बाजूंना चिकटवल्या. काम झालं. पण किमतीच्या जवळपास निम्मी आयात-ड्युटी भरून वर टिकल्याही आम्हीच लावायच्या?

सुरुवातीला मला ही रसदेची पाळी म्हणजे निव्वळ हिशेबखातं वाटायची. लढाई दहा मिनिटं, बेरजा अर्धा तास. मत बदललं ते मध्य ब्रह्मदेशातल्या मेइक्तिला या गावामुळे. १७ वी इंडियन डिव्हिजन रणगाडे घेऊन जपान्यांच्या पिछाडीला घुसते, २६ फेब्रुवारीला थाबुत्कोनची धावपट्टी हाती येते आणि ९९ वी ब्रिगेड चक्क विमानांनी तिथे उतरते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाव ताब्यात, आणि मग उलटंच होतं: जपानी येऊन यांनाच वेढा घालतात. रात्री धावपट्टीच्या आसपास जपानी, म्हणून सकाळी ती झाडून काढल्याशिवाय विमान उतरवता येत नाही. पुढे तर उतरणंच बंद झालं आणि माल पॅराशूटने टाकावा लागला. गेममध्ये धावपट्टीच्या हेक्सवर दर पाळीला एक बटालियन अडकवावी लागते. नाही अडकवली तर भरलेली विमानं निम्मा माल वरून टाकून परत जातात. त्या निम्म्या मालात टँक हलवायचे की तोफा चालवायच्या, यावर आमची खरी भांडणं झाली. तेव्हापासून मी बेरजा निमूट करतो.

समुद्राचा भाग लोक कंटाळून सोडतात. सोडू नका. ३ जानेवारीला आक्याबला सैन्य उतरलं तेव्हा जपानी आधीच निघून गेले होते. २१ ला रामरीवर 'क्वीन एलिझाबेथ' या युद्धनौकेच्या तोफा चालल्या. ही बेटं हवी होती ती मुख्यतः धावपट्ट्यांसाठी. तिथून उडालं तरच मध्य ब्रह्मदेशाच्या पुढे डाकोटा परवडतो. आराकानात आळस केला, की एप्रिलमध्ये रणगाडे पेट्रोलवाचून उभे राहतात. हा धागा डिझायनरने झकास पकडलाय, त्याला पूर्ण मार्क.

याच किनाऱ्यावर रॉयल इंडियन नेव्हीच्या नर्मदा आणि जमुना या स्लूप, म्हणजे छोट्या युद्धनौका, लढल्या. माझ्या बॉक्समध्ये नर्मदेचं काउंटर नव्हतंच. ईमेल केली, फोटो पाठवला. उत्तर आलं की बॉक्सचा फोटो पाठवा, तोही पाठवला. मग म्हणे, बिल पाठवा. महिन्याभराने पाकीट आलं, त्यात जमुना. पुन्हा तक्रार, पुन्हा जमुना. फाळणीत नर्मदा पाकिस्तानकडे जाऊन 'झेलम' झाली आणि जमुना आपल्याकडे राहिली, हा इतिहास त्यांनी फारच मनावर घेतलेला दिसतो. तिसऱ्या जमुनेवर बॉलपेनने 'न' लिहून खेळतोय.

रंगूनचा शेवट मात्र फसलाय. प्रत्यक्षात १ मे ला गुरखा छत्रीसैनिक रंगून नदीच्या मुखाजवळ एलिफंट पॉइंटला उतरले, दुसऱ्या दिवशी २६ वी डिव्हिजन त्या नदीच्या दोन्ही काठांवर, आणि शहरात जपानी नव्हतेच. जपानी सेनापती किमुरा एप्रिलअखेर निघून गेला होता. तुरुंगातल्या युद्धकैद्यांनी छपरावर तसं रंगवूनही ठेवलं होतं. पण गेममध्ये जपानी खेळाडूला शहर सोडून काही मिळत नाही, म्हणून माझा चुलतभाऊ शेवटच्या बटालियनसह तिथेच ठाण मांडतो आणि गुण खातो. आम्ही घरचा नियम केलाय: २५ एप्रिलनंतर रंगूनमध्ये राहिलेल्या जपानी तुकडीचे गुण उणे. पावसाचा फासा मात्र आहे तसाच ठेवलाय. खरा पाऊसही लवकर आला आणि १७ वी डिव्हिजन रंगूनच्या अलीकडे पेगूपाशी चिखलात रुतली. ती चिडचिड गेममध्ये हुबेहूब येते.

घ्यावा का? दोघांनी मिळून, आणि परदेशातून कोणी येणार असेल तर त्याच्या बॅगेतून. पाकीट हातात पडताच, तो माणूस परत जायच्या आत, काउंटर मोजून घ्या.