मर्दानी खेळांच्या चित्रणासाठी सोनी एचडीआर-सीएक्स४०५

कोल्हापूरच्या पेठांतील तालमींमध्ये मर्दानी खेळ शिकवणारे जुने वस्ताद आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या हातांच्या आणि पायांच्या हालचाली पुढच्या मुलांना पुन्हापुन्हा पाहता याव्यात, एवढ्यासाठीच मी हा कॅमकॉर्डर घेतला. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, त्या शहराच्या आखाड्यांतील ही विद्या चित्रणाअभावी नाहीशी व्हावी, हे मला पटत नव्हते.

चांगला मोबाइल हाताशी असताना वेगळा कॅमेरा कशाला, असे अनेकांनी विचारले. लाठी-पट्ट्याच्या वेळी आखाड्याच्या कडेबाहेर उभे राहावे लागते, आणि तेथून मनगटाची फिरत टिपायची तर ३० पट ऑप्टिकल झूमला स्वस्तातला पर्याय नाही. उलट जुन्या वाड्याच्या चौकात मागे सरकायला जागा नसते, तेथे २६.८ मिलिमीटरच्या रुंद कोनात (हा आकडा जितका लहान, तितका कोन रुंद) दोन्ही खेळाडू पायांसह मावतात. पॅनासॉनिकचा एचसी-व्ही१८० हा याच वर्गातला कॅमेरा ५० पट झूम देतो, पण त्याचा रुंद कोन २८ मिलिमीटरपासून सुरू होतो. मला दूरच्यापेक्षा जवळचे अधिक टिपायचे असल्यामुळे मी सोनी निवडला. ज्यांना खासबाग मैदानातील कुस्ती वरच्या पायऱ्यांवरून घ्यायची आहे, त्यांनी मात्र पॅनासॉनिकचा विचार अवश्य करावा.

सीएक्स४०५ मध्ये बाहेरचा माइक जोडण्याची सोय नाही. वस्तादांचे बोलणे स्पष्ट हवे असल्यास ते मोबाइलवर वेगळे ध्वनिमुद्रित करावे आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे संगणकावर दोन्ही आवाज जुळवता येतात. १/५.८ इंचाच्या लहान सेन्सरला भरपूर उजेड लागतो, म्हणून मी चित्रण सकाळीच करते.

खरी काळजी घ्यावी लागते ती चित्रणाचा प्रकार निवडताना. ५०आय या प्रकारात प्रत्येक चौकट (फ्रेम) दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळींची बनते, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या पट्ट्याच्या कडेला संगणकावर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात. एव्हीसीएचडी या चित्रण-साच्यातला (फॉरमॅटमधला) ५०पी प्रकार निवडला की प्रत्येक चौकट पूर्ण मिळते आणि डाव थांबवून दाखवता येतो. त्यासाठी सेकंदाला २८ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे साडेबारा जीबी जागा लागते. ३२ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डावर त्यामुळे साधारण सव्वादोन ते अडीच तास मावतात. ५० मेगाबिटचा एक्सएव्हीसी एस प्रकार याहून सरस आहे, पण तासाला साडेबावीस जीबी सांभाळण्याची तयारी असेल तरच तो घ्यावा.

फाइलींच्या बाबतीत माझी एक चूक येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीला मी कार्डातील फक्त एमटीएस फाइली (एव्हीसीएचडी चित्रणाच्या फाइली) एकाच फोल्डरमध्ये उतरवत असे. कार्ड फॉरमॅट केल्यावर क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू झाले आणि जुन्या ००००० क्रमांकाच्या फाइलीवर नवी बसून एका ज्येष्ठ वस्तादांचा फरी-गदक्याचा (ढाल-काठीच्या खेळाचा) पहिला भाग कायमचा गेला. आता प्रत्येक दिवसाच्या तारखेचे फोल्डर करून त्यात कार्डावरचे प्रायव्हेट हे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवते, आणि प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

लांब चित्रण कॅमेरा आपोआप अनेक तुकड्यांत विभागतो. हे तुकडे एकाच प्रवाहाचे भाग असल्यामुळे आधी क्रमाने जोडावेत आणि मगच एमपी४ मध्ये रूपांतर करावे, नाहीतर सांध्यावर डावाची हालचाल अडखळते. एफएफएमपेग या मोफत साधनाने चित्र पुन्हा कॉम्प्रेस न करता फक्त एमपी४ च्या वेष्टनात बसवता येते. आवाज तेवढा एएसी या ध्वनी-प्रकारात बदलावा, कारण एव्हीसीएचडीतील डॉल्बी आवाज काही मोबाइलवर वाजत नाही. या पद्धतीने चित्राची प्रत जराही घसरत नाही आणि जुन्या संगणकावरही तासाभराचे चित्रण थोड्या मिनिटांत तयार होते.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरातल्या अनेक घरांत शिरले होते. म्हणून मूळ फाइलींची दुसरी डिस्क मी पन्हाळ्यावर आत्यांच्या घरी ठेवते आणि दर दिवाळीला ती खाली आणून वर्षभराचे नवे चित्रण त्यात भरते.