सात दिवसांत शहर, किनारा आणि बेट: इटली, ग्रीस की क्रोएशिया?

आठवड्याची युरोपवारी ठरवताना दोन गोष्टी आधी बघा. बॅगा घेऊन किती वेळा बोटीत चढायचं आहे आणि परतीच्या विमानाआधीची रात्र कुठे जाणार आहे? सात दिवस म्हणजे हाताशी सहाच रात्री. त्यात समुद्राने एक दिवस खाल्ला तर कुठला बेत टिकतो आणि कुठला कोसळतो, यावर तिन्ही पर्यायांची निवड ठरते.

इटली: रोम २, सोरेंटो ३, रोम १

इथे बेटावर मुक्कामच नाही, आणि या बेताची खरी ताकद तीच. रोमहून नेपल्सला वेगवान रेल्वे सुमारे सव्वा तासात पोचवते. तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उतरण्याच्या दिवशीची गाडी अशा तिकिटावर घेऊ नका. नेपल्सला मुख्य स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून चिर्कुमवेसुवियाना ही लोकल सोरेंटोला जाते. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. गर्दी असते, बॅगांना वेगळी जागा नसते आणि खिसेकापूंचा वावर असतो. पाकीट आणि पासपोर्ट कपड्यांच्या आत ठेवा.

सोरेंटोहून काप्री बेट अर्ध्या तासाच्या आत येतं. बोटीचं एका बाजूचं भाडं साधारण वीस युरोंच्या पुढेच. तिथल्या ब्लू ग्रोटो या समुद्रगुहेचं तोंड जेमतेम मीटरभर उंच आहे, होडीत आडवं पडूनच आत जावं लागतं. लाटा थोड्या वाढल्या की ते बंद होतं. म्हणून पैसे भरण्याआधी बंदरावरच चौकशी करा. बंद असेल तर आनाकाप्रीहून ५८९ मीटर उंचीच्या माँते सोलारोवर खुर्चीच्या रोपवेने जा. ती एकेकट्या माणसाची खुर्ची असते, उंचीची भीती असणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

समुद्र खवळून बोटी बंद पडल्याच तर लोकल पकडून पोम्पेई या प्राचीन शहराचे अवशेष बघा. ‘पोम्पेई स्काव्ही’ याच स्टेशनवर उतरा. नुसत्या ‘पोम्पेई’ नावाचं स्टेशन वेगळ्या मार्गावर आहे. दिवस वाया जात नाही, विमानही चुकत नाही.

अमाल्फी किनाऱ्यासाठी सोरेंटो स्टेशनसमोरून बस सुटते. उजवीकडची खिडकी धरा, जाताना समुद्र त्याच बाजूला राहतो. वाटेत पोझितानोला उतरून पुढची बस पकडू म्हणाल तर फसाल. हंगामात बस भरूनच येते आणि थांब्यावरचे लोक तिथेच राहतात. त्यापेक्षा थेट अमाल्फीला जा आणि परतताना बोट घ्या. वळणं भयंकर आहेत, उलटीची गोळी निघण्याआधीच घ्यावी. एक उणीव मात्र आहे: सोरेंटोला वाळूचा किनारा नावापुरताच, बाकी खडक आणि लाकडी फलाट.

ग्रीस: अथेन्स २, नॅक्सोस ३, अथेन्स १

किनारा म्हणजे ज्यांना मऊ वाळू आणि उथळ पाणी हवं, त्यांनी इकडे यावं. नॅक्सोस बेटावरचा आगिओस प्रोकोपिओस किनारा मुलांसाठी फार सोयीचा आहे, गावातून बस जाते. किंमत मोजावी लागते ती समुद्रप्रवासात. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठं जहाज साधारण पाच-साडेपाच तास घेतं. वेगवान बोट त्याहून बरीच लवकर पोचते, पण जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला की आधी रद्द होते तीच, आणि पोट ढवळतं तेही तिच्यातच. मोठं जहाजच घ्या.

पिरेअस अवाढव्य आहे. गेट ई-१ ते ई-१२. तिकिटावरचं गेट आदल्या दिवशी पुन्हा तपासा. २०२२पासून विमानतळाची मेट्रो थेट पिरेअसपर्यंत जाते, साधारण तासाभरात. जहाजात शिरताना खालच्या गॅरेजमध्ये बेटांच्या नावांचे रॅक असतात. आपल्या बेटाच्या रॅकवर बॅग ठेवून वर जायचं. उतरायची घोषणा झाली की लगेच खाली या, कारण जहाज बंदराला काही मिनिटंच थांबतं आणि मागचा दरवाजा टेकायच्या आधीच लोक बॅगा धरून उभे असतात.

नॅक्सोससोबत सँटोरिनीही बसवायचा मोह टाळा. दोन बेटं घेतली की एक अख्खा दिवस बंदरात जातो. वाऱ्याच्या महिन्यांत तीन रात्रींचं बेटही नको वाटलं, तर अथेन्सलाच राहून जवळच्या एजिना बेटावर जा. हायड्रोफॉइल या वेगवान बोटीने पाऊण तासाच्या आत पोचतो, संध्याकाळी परत. किनाऱ्यासाठी सुनिओची बस आहेच. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ते मात्र आधी काढा.

क्रोएशिया: स्प्लिट २, ह्वार २, दुब्रोव्निक २

स्प्लिटला उतरायचं आणि दुब्रोव्निकहून परतायचं, म्हणजे मागे फिरणं नाही. कागदावर हा सर्वात सुबक बेत. प्रत्यक्षात ह्वार बेटाहून दुब्रोव्निकची कॅटामरान (वेगवान बोट) फक्त हंगामात चालते. ती नसेल तर पुन्हा स्प्लिटला येऊन चार-साडेचार तासांची बस. दुसरी गफलत नावांची: गाड्या नेणारी फेरी ह्वार गावात न जाता बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या स्तारी ग्रादला लागते.

१ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे आणि युरोही वापरतो. पण दुब्रोव्निकच्या वाटेवर नेउमचा छोटा पट्टा बोस्नियाचा, तो शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बस नेउम टाळणाऱ्या पेल्येशाच पुलावरून जाते ना, हे तिकीट काढतानाच विचारा. किनारे बहुतेक खड्यांचे, पाण्यात घालायचे रबरी बूट न्याच. दुब्रोव्निकच्या तटबंदीवर फिरायचं तिकीट २०२५मध्ये मोठ्या माणसाला ४० युरो होतं, त्यामुळे चौघांचं कुटुंब असेल तर हिशेब आधीच मांडा.

शाकाहाराचं काय?

इटली सोपी, पण पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. कडक शाकाहारींनी पास्त्यावर घालू नका असं सांगावं. ग्रीसमध्ये फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा. शिवाय पालक भरलेली खारी पेस्ट्री आणि भाजलेले मोठे वाल. क्रोएशियाच्या या किनारपट्टीवर, म्हणजे डाल्मेशियात, मासळी आणि मांसच जास्त. सोपार्निक ही पालेभाजीची पातळ पोळी बेकरीत मिळते, तिच्यात लसूण असतो. जैन मंडळींनी क्रोएशियात स्वयंपाकघर असलेलं घरच घ्यावं.

कधी जावं?

मे महिन्याच्या सुट्टीत तिन्हीकडे पाणी गार असतं, डुंबायला मुलं कुरकुरतील. फिरायला मात्र उत्तम. १ मे रोजी अ‍ॅक्रोपोलिस बंद असतं. दिवाळीच्या सुट्टीत पाणी त्यापेक्षा उबदार, पण ऑक्टोबर सरला की अमाल्फीच्या बोटी थांबतात आणि ह्वारच्या फेऱ्या कमी होतात. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर रोम आणि सोरेंटोच धरा, काप्रीचा दिवस हवामान बघून ठरवा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंटच उशिरा मिळते, तेव्हा तारखा पक्क्या झाल्या की त्याच आठवड्यात नंबर लावा.