बीजीएमआय की फ्री फायर मॅक्स? जुन्या खेळाडूचं स्पष्ट मत

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती) आणि फ्री फायर मॅक्स (फ्री फायरची जास्त ग्राफिक्सची आवृत्ती) हे दोन्ही मोबाइल गेम फुकट मिळतात. दोन्हींत विमानातून उडी मारायची, लूट गोळा करायची आणि आकसत जाणाऱ्या झोनमध्ये शेवटपर्यंत टिकायचं. त्यामुळे 'कुठलाही टाक, सारखंच आहे' असं सांगणारे खूप भेटतात, पण ते बरोबर नाही. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला तेव्हापासून मी हा प्रकार खेळतोय. भारतात पबजीवर बंदी आली त्या काळात फ्री फायरवर मुक्काम केला आणि आज दोन्ही गेम माझ्या फोनमध्ये आहेत. माझा कौल आधीच सांगतो. ज्याच्या फोनला झेपतो आणि ज्याच्याकडे सलग अर्धा तास आहे, त्याने बीजीएमआय खेळावा. ग्राफिक्स हे त्याचं मुख्य कारण नाही. तिथे जास्त पैसे टाकणाऱ्याची गोळी जास्त जोरात लागत नाही, हे खरं कारण आहे.

पैसा कुठे लागतो

फ्री फायरमध्ये बंदुकीच्या बऱ्याच स्किनला, म्हणजे बंदुकीवर चढवायच्या सजावटीला, स्वतःचे गुण असतात. एखादी स्किन डॅमेज वाढवते, एखादी फायर रेट किंवा रेंज वाढवते, आणि त्या बदल्यात रिलोड किंवा मॅगझिन थोडं कमी करते. अधिक-उणेच्या खुणा स्किनखाली उघड दाखवलेल्या असतात. अशा स्किन मुख्यतः डायमंड (खऱ्या पैशांनी घ्यायचं गेममधलं चलन) खर्चून, लक रॉयलमध्ये नशीब आजमावून किंवा इव्हेंटमधून मिळतात. इव्हो गन तर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची असते, म्हणजे खर्चही टप्प्याटप्प्याने. जवळच्या लढतीत दोघांनी एकाच क्षणी ट्रिगर दाबला, तर तेवढा फरक निकाल फिरवायला पुरतो. समोरच्याचा निशाणा चांगला होता म्हणून आपण मेलो, की त्याच्या स्किनमुळे, हे हरणाऱ्याला कधीच नीट कळत नाही. नवख्याला यातून काही शिकता येत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

पात्रांच्या स्किल्सबद्दल मी एवढा कडक नाही. आलोक आसपासच्या सोबत्यांची हेल्थ भरतो, केली वेगाने पळते, आणि एक अॅक्टिव्ह (बटण दाबून वापरायचं) स्किल नि बाकी पॅसिव्ह (आपोआप चालणारी) जुळवून स्वतःचं कॉम्बिनेशन बांधता येतं. त्यात डोकं लागतं. शिवाय बरीच पात्रं गेममधल्या सोन्याच्या नाण्यांतही घेता येतात. उशीर लागतो, पण रस्ता बंद नाही.

बीजीएमआयमध्ये एम४१६ ग्लेशियर ही सगळ्यांच्या तोंडी असलेली स्किन घ्या. अपग्रेड केली की बंदूक चमकते, किल मेसेज बदलतो, मेलेल्याचा क्रेट वेगळा दिसतो. डॅमेज मात्र जमिनीवर सापडलेल्या साध्या एम४१६ एवढंच. नशिबाने स्किन देणारे क्रेट उघडायचा मोह तिथेही आहे आणि मुलं यूसीवर, म्हणजे तिथल्या विकतच्या चलनावर, भरमसाट खर्च करतात, हेही खरं. पण ज्याने एक रुपया टाकला नाही तो बरोबरीने लढतो.

फ्री फायरच्या निर्मात्यांना माझी एकच सूचना आहे आणि ती करण्याची सोय त्यांच्याकडे आधीच आहे. कस्टम रूम, म्हणजे आपल्या ओळखीच्यांची खासगी मॅच, बनवताना 'गन अॅट्रिब्यूट्स' (स्किनचे गुण) बंद करता येतात, आणि स्पर्धा भरवणारे ते बंदच ठेवतात. स्किनच्या गुणांनी सामना असमान होतो हे मान्य असल्याशिवाय असं बटण कुणी ठेवणार नाही. मग रँक मॅचमध्येही ते कायमचं बंद करा. स्किन दिसायला देखणी असली की विकली जाते, हे ग्लेशियरने दाखवलंच आहे.

फोन, डेटा आणि वेळ

इथे फ्री फायर मॅक्स सरळ पुढे आहे. मूळ फ्री फायर २०१७ मध्ये आला तोच स्वस्त फोन डोळ्यांसमोर ठेवून. मॅक्स त्याहून थोडा जड आहे, तरीही तीन-चार जीबी रॅमच्या जुन्या फोनवर ग्राफिक्स उतरवले की बऱ्यापैकी चालतो. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा किमान अट २ जीबी रॅमची सांगितली होती. तेवढ्यावर आज तो चालवायचा म्हणजे ऐन लढतीत स्क्रीन गोठणार. माझ्या मते सहा जीबीच्या खाली त्याचा आनंद मिळत नाही. अपडेट आणि मॅप मिळून कित्येक जीबी जागा जाते. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असलेल्याने अपडेटच्या दिवशी कुणाचं तरी वायफाय गाठावं. न खेळले जाणारे मॅप काढून टाकता येतात, ते जरूर काढावेत.

वेळेचा हिशेबही वेगळा. फ्री फायरची मॅच ५० जणांची आणि साधारण दहा मिनिटांची. चार विरुद्ध चारचा क्लॅश स्क्वॉड तर त्याहूनही सुटसुटीत: प्रत्येक राउंडला गेममधल्या पैशांतून बंदूक घ्यायची, आधी चार राउंड जिंकेल तो विजयी. बीजीएमआयच्या एरांगेलवर १०० जण, आठ बाय आठ किलोमीटरचा मॅप आणि जवळजवळ अर्धा तास. घरात कुणी हाक मारली की मधेच उठता येत नाही, कारण बाकीचे तिघे अडकतात. थोडक्यात खेळायचं असेल तर ५२ जणांचा लिविक हा छोटा मॅप आहे.

हातात बंदूक आल्यावर

बीजीएमआयचं खरं सुख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकेएम ही रायफल झाडली की ती वर उसळते. तो रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, अंगठ्याने किंवा जायरोने, म्हणजे फोन हलवून, खाली ओढायचा असतो. लांबच्या माणसावर गोळी झाडताना ती खाली येणार हे धरून वर नेम धरायचा, तो पळत असेल तर पुढे. कुठल्या दिशेने पावलं वाजतायत, वरच्या मजल्यावर की खालच्या, हे कान देऊन ऐकायचं. एरांगेलवरच्या पोचिंकी गावात घराच्या जिन्यावर बसून चौघांची चाल ओळखली आणि ग्रेनेड बरोबर जागी पडला, की जो आनंद होतो तो दुसऱ्या कुठल्याही मोबाइल गेमने मला दिला नाही. शिकायला मात्र महिने जातात. पहिले कित्येक दिवस नुसतं मरणं आहे.

फ्री फायर लवकर हाती येतो. निशाण्याला गेम बरीच मदत करतो, फायरचं बटण वर ओढून ड्रॅग हेडशॉट मारायची वेगळीच कला आहे, आणि ग्लू वॉल ही तर त्याची सगळ्यात सुंदर कल्पना. उघड्या मैदानात सापडलात तरी क्षणात भिंत उभी करून वाचता येतं. चांगला खेळाडू भिंत टाकतो, वाकतो, बाजूने निघतो आणि मारतो, हे सगळं श्वास घ्यायच्या आत. वेगात हा गेम बीजीएमआयला मागे टाकतो. 'हा लहान मुलांचा गेम' असं हिणवणाऱ्यांनी क्लॅश स्क्वॉडमध्ये वरच्या रँकच्या पोरांसमोर एकदा उभं राहून बघावं.

बीजीएमआयने काय सुधारावं

कौल दिला म्हणून दोष झाकत नाही. पहिला दोष बॉटचा. खालच्या रँकमध्ये समोर येणारे बरेचसे 'खेळाडू' संगणकाचे असतात. नवा माणूस दहा-बारा किल काढून खूश होतो, आणि प्लॅटिनम-डायमंडला खरी माणसं भेटली की हिरमुसून गेम उडवतो. बॉट ठेवायचे तर ते बॉट आहेत असं दाखवा.

दुसरा रँकचा. टिकून राहण्याला एवढे गुण मिळतात की वर चढायचा सोपा मार्ग म्हणजे गवतात पालथं पडून राहणं. एस (Ace) या वरच्या रँकच्या पुढच्या मॅचमध्ये निम्मी माणसं लढायलाच तयार नसतात. लढून मेलेल्याला मिळणाऱ्या गुणांचं वजन वाढवायला हवं.

तिसरा थीम मोडचा. दर थोड्या महिन्यांनी नवी जत्रा भरते. २०२४ च्या मेका फ्युजनमध्ये तर यंत्रमानवात बसून लढायचं होतं. कल्पक असतं, पहिल्या आठवड्यात मजाही येते. पण गर्दी तिकडे वळते आणि ज्याला साधा, जुना एरांगेल खेळायचा आहे त्याची पंचाईत होते.

बंदीचा इतिहास

पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मूळ फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, मॅक्स राहिला. फ्री फायर इंडिया सप्टेंबर २०२३ मध्ये धोनीला घेऊन येणार अशी घोषणा झाली होती, ती पुढे ढकलली गेली. दोन्हींपैकी कुठल्याही गेममध्ये पैसे ओतताना हे लक्षात ठेवा: खात्यातली स्किन तुमच्या मालकीची वस्तू नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण हे दोन गेम त्या प्रकारात मोडत नाहीत.

पोरांसाठी विचारत असाल तर

बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि पालकांच्या मोबाइलवर ओटीपी जातो. वय खोटं टाकलं की हे सगळं निकामी होतं, म्हणून खातं उघडताना मुलाशेजारी बसा. फोनमध्ये यूपीआय असेल तर खरेदीला पासवर्ड लावा.

व्हॉइस चॅटबद्दल मला मनापासून राग आहे. अनोळखी स्क्वॉडमध्ये आईबहिणीवरून शिव्या सर्रास चालतात, आणि मुलीचा आवाज ऐकू आला की घाण बोलणं सुरू होतं. कितीतरी चांगल्या खेळाडू मुली यामुळे माइक बंद ठेवून खेळतात. दोन्ही गेमनी अनोळखी लोकांचा आवाज मुळातच बंद ठेवावा, ज्याला हवा त्याने तो सुरू करावा. तोवर तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन ते आधी करा आणि शिव्या देणाऱ्याला दर वेळी रिपोर्ट करा.

फोन जुना असेल, किंवा क्लासला जायच्या आधीची पंधरा मिनिटंच हातात असतील, तर फ्री फायर मॅक्स घ्या आणि बिनदिक्कत खेळा. फक्त डायमंड विकत घेऊ नका. चार-पाच मित्र जमले की कस्टम रूम उघडा, गन अॅट्रिब्यूट्स बंद करा आणि क्लॅश स्क्वॉड लावा. त्या रूममध्ये तो गेम बीजीएमआयइतकाच न्यायाचा आहे.