फडाचं पाणी: पाचपैकी साडेतीन

धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम आणि आरम नद्यांच्या काठची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी मिळून वाटून घेण्याची जुनी सिंचन पद्धत, वारसा म्हणून सगळेच मिरवतात. पाणी पुरवणारी सेवा म्हणून ती कशी आहे, हे मात्र कमीच पाहिलं जातं.

मांडणी चोख आहे. नदीत बंधारा, बगलेतून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, वावरात शिरणारे सारंग आणि उरलेलं पाणी नदीत परत सोडणारं सांडम. मोटर नाही, डिझेल नाही, सगळा कारभार उतारावर. सांडमाचं पाणी खालच्या बंधाऱ्याच्या कामी येतं. म्हणून ते वाया जातंय असं समजून कुणी बुजवू नये.

सेवेचा कस पाटकऱ्यात. वावरात पाणी सोडायची दारं तो धरतो, शेतकरी नाही. पिकांवर नजर जागल्याची, दोघांवर हवालदार. रात्री थंडीत फावडं घेऊन उभं राहायला लागत नाही, हे एकच कारण अनेकांना पुरेसं वाटेल.

अट एकच, पण कडक: बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा ४ फड, म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. हट्ट वाटतो, पण गव्हाकडे पाहा. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं की फुटवे घटतात. सगळा फड एका आठवड्यात पेरला असेल तर एकाच पाळीत सगळ्यांचं साधतं. कुणी पंधरा दिवस उशिरा पेरलं, तर त्याची मुळं फुटतील तेव्हा पाटकरी दुसऱ्याच फडात असणार. गव्हाशेजारी ऊस लावला तर त्याच्या पाझरानं गव्हाची मुळं कुजतात. फडांची पिकं आलटून पालटून बदलत असल्यानं जमिनीलाही उसंत मिळते.

पाणी कमी असेल त्या वर्षी फडच कमी भिजवायचे. ज्याचं वावर प्रत्येक फडात आहे, त्याला हे झेपतं. तुटवडा सगळ्यांत वाटला जातो. वाटण्या होऊन एकाच फडात तुकडा उरलेल्याला तेच वर्ष कोरडं जातं. माझ्या मते दोन गुण इथेच कापावे लागतील, पण पाटकऱ्यासाठी अर्धा परत.

बाकी बिघाड ओळखीचे. गाळ काढला नाही की पाटाचं शेपूट आधी सुकतं. वरच्या अंगाला मोटारी बसल्या की बंधाऱ्यापर्यंत प्रवाहच येत नाही. आणि ज्याच्या विहिरीला पाणी लागलं, तो गाळ काढायला येणं पहिल्यांदा बंद करतो.

पाहायला जायचं तर हिवाळ्यात जा आणि थेट सांडम गाठा. तिथे पाणी पडताना दिसलं तर वरचं सगळं नीट चाललंय.