टीईटी की सीटीईटी: आधी कुठला अर्ज भरावा?

डी.एल.एड. ही शिक्षक पदविका संपत आली की पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळताना हा प्रश्न पडतोच: राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आधी द्यावी की केंद्राची (सीटीईटी)? वरवर पाहिलं तर दोन्ही परीक्षा जुळ्या आहेत. पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २. दोन्हीकडे १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकलं तरी गुण कापत नाहीत. पास व्हायला ६० टक्के. राखीव प्रवर्गांना सवलत.

फरक आहे तो विषयज्ञान कसं तपासतात यात. राज्याच्या टीईटीला बालभारतीची पुस्तकं पक्की हवीत, अगदी चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मधल्या शिवरायांच्या इतिहासापर्यंत. सीटीईटीचा पाया एनसीईआरटीचा, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांचा. तिथे पेपर १ च्या गणितातले ३० पैकी १५ गुण आशयाला आणि १५ अध्यापनशास्त्राला. ०.३५ आणि ०.५ यांत मोठं कोण, हे तुम्हाला येतंच. पण मूल ०.३५ म्हणालं तर त्याच्या डोक्यात काय चाललंय, हे ओळखता यायला हवं. मला ही कसोटी शिक्षकाच्या जास्त कामाची वाटते.

अडचण माध्यमाची. सीटीईटीत भाषा म्हणून मराठी घेता येते, पण गणित आणि परिसर अभ्यासाचे प्रश्न हिंदी-इंग्रजीतच. मराठी माध्यमातून शिकलेल्याला अपूर्णांकाऐवजी ‘भिन्न’ आणि छेदाऐवजी ‘हर’ वाचायची सवय करावी लागते. आठवडाभर सराव केला की जमतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे खटकते. विषयवार उत्तीर्णतेची अट नाही. पेपर १ मध्ये गणितात भोपळा मिळाला तरी उरलेल्या १२० पैकी ९० मिळवून माणूस पात्र ठरतो. पुढे तोच चौथीला भागाकार शिकवणार!

नोकरीचं म्हणाल तर जिल्हा परिषद किंवा पुणे महापालिकेच्या शाळेसाठी दोन्हींपैकी कुठलीही चालते. केंद्रीय विद्यालय, नवोदयसाठी सीटीईटीच लागते. प्रमाणपत्र आता दोन्हींचं आजन्म. आणि पवित्र पोर्टलवरची, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीतली, गुणवत्ता ठरते ती टेटच्या २०० गुणांवर. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, टीईटीहून वेगळी. टीईटीत ९५ पडले की १३०, तिथे कुणी विचारत नाही.

वेळापत्रकाचा भरवसा धरू नका. नोव्हेंबर २०२१ नंतरची राज्याची टीईटी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. त्यात टीईटी सक्तीची करणाऱ्या सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेले सेवेतले शिक्षकही आता अर्ज भरतायत.

माझा कौल: मराठी माध्यम आणि जिल्हा परिषदेची शाळा हेच ठरलं असेल तर तयारी टीईटीची करा. पण सीटीईटीचा अर्ज आधी निघाला तर तोही भरून टाका. केंद्रीय विद्यालय डोक्यात असेल तर आजच एनसीईआरटीची पहिली ते पाचवीची पुस्तकं घ्या, आणि हिंदीतली प्रत मागा.