४०० सायकलचं जनित्र आणि अंबडचा गाळा

एसटीच्या डेपोत ३१ वर्षं इंजिनं खोलली. त्यामुळे लष्कराच्या भंगारातलं डिझेल जनित्र स्वस्तात मिळालं तेव्हा मी फक्त इंजिन बघितलं. पहिल्या हँडलला सुरू झालं, घेतलं. मखमलाबादला घरी आणून टेबल फॅन लावला, तर पातं जागच्या जागी थरथरायला लागलं.

घरची वीज सेकंदाला ५० सायकलची (म्हणजे ५० हर्ट्‌झची) असते, याची त्याहून फार जास्त. पहिल्या दुकानदारानं "रेस कमी केली की येईल पन्नासवर" म्हणत गव्हर्नर (इंजिनाचा वेग धरून ठेवणारा भाग) ढिला केला. इंजिन धापा टाकायला लागलं, बल्ब विझला. वर आठशे रुपये घेतले.

मग नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला हा दुरुस्तीचा गाळा. तिथल्या पोरानं आधी रॉकेलच्या बोळ्यानं जनित्राची प्लेट पुसली: ११५/२०० व्होल्ट, ३ फेज, ४०० हर्ट्‌झ, ३००० आरपीएम. "काका, यात सोळा पोल, म्हणजे चुंबकाचे ध्रुव, आहेत. पन्नासवर आणायचं तर इंजिन ३७५ वर फिरवावं लागेल. तुमच्या बसचं आयडलिंगसुद्धा याहून जास्त. आणि व्होल्टेजही पडेल ते वेगळंच." विमानात ४०० सायकल वापरतात, कारण ट्रान्सफॉर्मर-मोटारीला लोखंड कमी लागतं, वजन वाचतं. ओझरच्या विमान कारखान्यावरून इतकी वर्षं गेलो, पण हे कळलं साठीनंतर.

जनित्राचं हेड (वीज तयार करणारा भाग) काढून ३००० आरपीएमचं टू-पोल ५० सायकलचं हेड बसवलं तर स्वस्त पडेल, हे त्यानंच सांगितलं. स्वतःचा धंदा कमी होईल असा सल्ला कोण देतो? पण मूळ हेडमधलं तांबं बघून माझाच जीव होईना. शेवटी त्यानं असं केलं: २०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरनं २७५ वर चढवले, ब्रिज रेक्टिफायरनं (एसीचं डीसी करणारा भाग) त्याचे साधारण ३७० डीसी केले आणि पुढे इन्व्हर्टरनं २३० व्होल्ट, ५० सायकल. ट्रान्सफॉर्मर पातळ लोखंडी पत्त्यांचा, एका हातानं उचलला जातो. नेहमीच्या जाड पत्त्यांचा घातला तर ४०० सायकलवर तापतो म्हणे. सेट बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहतो, म्हणून तो उतरवायला रेझिस्टन्स टाकला आणि झाकणावर "५ मिनिटं थांबा" असं मराठीत रंगवून दिलं. चेंजओव्हर स्विचशिवाय (महावितरण किंवा जनित्र, एका वेळी एकच जोडणारा) घराला जोडून देणार नाही, यावर मात्र अडून बसला. आपली वीज उलटी महावितरणच्या तारेत गेली तर खांबावरचा वायरमन जाईल. बरोबरच आहे.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून २६ दिवस लावले. वायरिंगचा नकाशा तीनदा मागितल्यावर दिला, तोही वहीच्या पानावर. आणि सेटची ती बारीक शिट्टी काही गेली नाही. शेजारच्या वहिनींनी दोनदा विचारलं, कुकर चढवलाय का म्हणून.

फ्रिज, तीन पंखे, टीव्ही आरामात चालतात. अर्ध्या एचपीची मोटार लावताना फ्रिज बंद करावा लागतो. पॅनेलला मागून जाळी लावून घ्या. आमच्याकडे पहिल्याच पावसात पाल आत शिरली होती.