लघुप्रबंधासाठी कोण निवडावं: गणपतआबा की सुशीलकुमार?

एम.ए.ची मुलं लघुप्रबंधाचा विषय ठरवायला बसली की सोलापुरात दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही राजकारणातली: सांगोला, मंगळवेढ्याकडची मुलं गणपतराव देशमुख म्हणजे आबासाहेब म्हणतात, शहरातली सुशीलकुमार शिंदे. घरात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं, तेच बहुतेकांनी आधी पक्कं केलेलं असतं. त्यानंतर प्रश्न येतो, ‘मॅडम, दोघांत सोपं कोणतं?’ सोपं एकही नाही. पण हातात आठ-नऊ महिनेच असतील तर मी आबासाहेबांच्या बाजूने बोलते, आणि त्याला कारणं आहेत.

आधी शिंदेसाहेबांचं पाहू. १९४१ चा जन्म, सोलापूरच्याच न्यायालयात शिपायाची नोकरी, शिकत शिकत वकिलीची पदवी, मुंबई पोलिसांत फौजदारकी, मग शरद पवारांच्या आग्रहाने नोकरी सोडून राजकारण. पुढे राज्याचं अर्थखातं, जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्रीपद, आंध्र प्रदेशचं राज्यपालपद, केंद्रात ऊर्जाखातं आणि २०१२ पासून गृहखातं. हा प्रवास खरोखरच विलक्षण आहे. पण तो इतक्या वेळा सांगून झाला आहे की विद्यार्थी जसाच्या तसा उतरवतो, आणि चाळीस पानं भरल्यावर कळतं की आपण स्वतः काहीच शोधलं नाही. शिवाय साधनं विखुरलेली: थोडी सोलापुरात, बरीचशी मुंबईत, बाकी हैदराबाद आणि दिल्लीत. वर्षभरात कुठे कुठे जाणार?

तरीही शिंदेच हवे असतील तर अख्खं आयुष्य घेऊ नका, त्यातला एक तुकडा घ्या. माझ्या मते सर्वांत मोलाचा तुकडा १९९८ आणि १९९९ च्या लोकसभा निवडणुकांचा. विधानसभेत ते पहिल्यांदा आले ते करमाळ्यातून, तेव्हाच्या राखीव मतदारसंघातून. सोलापूर लोकसभा मात्र त्या काळी खुली होती, ती राखीव झाली २००९ पासून. दलित समाजातला उमेदवार खुल्या जागेवरून लागोपाठ दोनदा निवडून येतो, ही साधी गोष्ट नव्हे. लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, मराठा अशा सगळ्या वस्त्यांतून मतं कशी जुळली, हे विचारायला शहरात अजून माणसं आहेत. आणि उलटी बाजूही पाहा: ते मुख्यमंत्री असताना २००४ मध्ये त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई याच मतदारसंघातून हरल्या, आणि २०१४ मध्ये देशाचे गृहमंत्री असताना ते स्वतः दीड लाखाच्या आसपास मतांनी पडले, तेही जागा राखीव झाल्यावर. खुल्या जागेवर जिंकलेला माणूस राखीव जागेवर का हरला, एवढा एकच प्रश्न प्रबंधाला पुरून उरेल.

आणखी एक विषय आपल्या अगदी दाराशी आहे. तुम्ही ज्या सोलापूर विद्यापीठात हा प्रबंध देणार, ते शिंदेसाहेबांच्याच मुख्यमंत्रीपदाच्या काळात, १ ऑगस्ट २००४ रोजी, एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झालं. तो निर्णय कसा झाला, यावर काम करणारं कोणी भेटलं तर मला फार आनंद होईल.

आता आबासाहेब. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, पण आयुष्य सांगोल्यात गेलं. एक पक्ष, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). एक मतदारसंघ. १९६२ ते २०१९ या काळात अकरा वेळा आमदार, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं. मंत्रिपद दोनदाच, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या. बाकीचा काळ बहुतेक विरोधी बाकावर. जुलै २०२१ मध्ये ते गेले.

संशोधनासाठी हे जीवन सोयीचं आहे, कारण पन्नास वर्षांचा हिशेब एकाच तालुक्यात तपासता येतो. सूतगिरणी आहे, डाळिंबाच्या बागा आहेत, टेंभू-म्हैसाळ या सिंचन योजनांचं पाणी कुठवर पोचलं आणि कुठे नाही ते माण नदीकाठच्या गावांत जाऊन डोळ्यांनी बघता येतं. आटपाडीची पाणी परिषद तर स्वतंत्र प्रकरणच होईल. नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागितलं, त्या लढ्यात आबासाहेब बरोबर होते. वर्षानुवर्षं त्या परिषदांना गेलेले शेतकरी आज सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे आत्ता गेलात तरच काही हाती लागेल.

धोका इथेही आहे. साधेपणा, एसटीचा प्रवास, कधीही न बदललेला पक्ष, हे ऐकून विद्यार्थी भारावतो आणि प्रबंधाचा गौरवग्रंथ होतो. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच सांगते, अवघड प्रश्न विचारा. एवढी वर्षं एकच आमदार असताना पाणी इतक्या उशिरा का आलं? सांगोल्यात धनगर समाज मोठा आणि ते त्याच समाजातले; मग विजयात समाजाचा वाटा किती आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या फळीचा किती? शेकाप राज्यभर आटत गेला, तो सांगोल्यातच का टिकला?

आणि अकरा विजयांपेक्षा दोन पराभवांवर जास्त वेळ घालवा. १९७२ चा आणि १९९५ चा. दुसरा शहाजीबापू पाटलांकडून, फक्त १९२ मतांनी. २०१९ मध्ये आबासाहेब स्वतः थांबले, तर नातू अनिकेत याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले, आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. तिकडे त्याच वर्षी शिंदेसाहेबांच्या कन्या प्रणिती शिंदे सोलापूरच्या खासदार झाल्या. वारसा हा विषय दोन्हीकडे येतो, पण सांगोल्यात त्याची चर्चा कमी होते, म्हणून तिथे नवं काही सापडायची शक्यता जास्त.

दोघांचे रस्ते दोन ठिकाणी जुळतात. १९७२ नंतरच्या त्याच विधानसभेत दोघेही पोटनिवडणुकीने आले, आणि पुलोद सरकारात दोघेही मंत्री होते. तिथून एकाची वाट दिल्लीकडे गेली, दुसऱ्याची परत सांगोल्याला. धाडस असेल तर हीच दोन-चार वर्षं घेऊन तुलनात्मक प्रबंध करता येईल. पण त्यासाठी विधिमंडळाच्या कामकाजाचे जुने खंड चाळायची चिकाटी लागते. ती नसेल तर या वाटेला जाऊ नका.

खर्चाचंही बोलू. सांगोला मंगळवेढ्यामार्गे साधारण ८० किलोमीटर. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, राहायचा खर्च नाही. ज्या मुलांना नोकरी सांभाळून शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं.

विषयाचा अर्ज भरण्याआधी एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी तिकडे जाऊन या. म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा आणि १९९५ च्या निवडणुकीचं विचारा. आकडा तुम्ही सांगू नका. किती मतांनी गेली, ते आपणहून सांगतात का बघा.